एमिल रूडर : छापखान्यातल्या उमेदवारांचे शिक्षक आणि स्विस अक्षरमांडणी

विचारलेला प्रश्न असा आहे : ‘स्विस ग्राफिक डिझाइनचा विषय निघाला की हेल्व्हेटिका हा फाँट, ग्रिड म्हणजे पानाची आखीव चौकट आणि झुरिकची पोस्टरे एवढ्याच गोष्टी कानावर येतात. स्वित्झर्लंडमधल्याच बासेल शहराच्या एमिल रूडर यांचे नाव सगळे आदराने घेतात, पण त्यांनी नेमके काय केले हे कोणी सांगत नाही. त्यांचे काम कशामुळे मोठे ठरते, आणि देवनागरीत काम करणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग आहे का?’

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर रूडर यांच्या पोस्टरांत शोधण्यापेक्षा त्यांच्या वर्गात कोण बसत होते येथून शोधायला सुरुवात करावी. त्यांच्यासमोर बसणारी बहुतेक मुले छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्याची उमेदवारी करणारी होती. चित्रकला महाविद्यालयात शिकणारे भावी कलावंत किंवा जाहिरातसंस्थांत जाऊ पाहणारे तरुण हा त्यांचा मुख्य विद्यार्थिवर्ग नव्हता. पोळ्यांच्या पिठासारखी रोज हातात येणारी, काळी, जड, शिशाची अक्षरे ज्यांना पुढे आयुष्यभर हाताळायची होती त्या मुलांना रूडर यांनी पाहायला शिकवले. स्विस मांडणी मूठभर नामवंतांची शैली न राहता एका संपूर्ण व्यवसायाची सवय बनली, त्यामागे हे कारण फार मोठे आहे, आणि इतिहास सांगताना नेमके तेच वगळले जाते असे मला वाटते.

झुरिकचा हिशेब आधी पुरा करू, कारण तो टाळून रूडर यांचे वेगळेपण दिसणार नाही. झुरिकच्या कुन्स्टगेवर्बेशूलमध्ये, म्हणजे तेथील कलाकौशल्याच्या शाळेत, एर्न्स्ट केलर यांनी १९१८ पासून १९५६ पर्यंत शिकवले. योझेफ म्युलर-ब्रोकमान आणि रिचर्ड पाउल लोझे हे त्यांचे विद्यार्थी. केलर यांची स्वतःची पोस्टरे पाहिली तर त्यांत हाताने रेखलेली ठसठशीत अक्षरे आणि चिन्हरूप चित्रे आढळतात, ज्याला आज आपण स्विस शैली म्हणतो तिचे रूप त्यांत फारसे नाही. मजकुराच्या आशयातूनच मांडणीचे उत्तर निघाले पाहिजे हा त्यांचा आग्रह मात्र पुढच्या पिढीने उचलला. केलर निवृत्त झाल्यावर १९५७ मध्ये म्युलर-ब्रोकमान त्यांच्या जागी आले, आणि १९५८ पासून लोझे, हान्स नॉयबुर्ग व कार्लो विवारेल्ली यांच्यासह त्यांनी ‘नॉये ग्राफिक’ हे नियतकालिक काढले. तीन भाषांतल्या या नियतकालिकामुळे झुरिकचा विचार जगभर पोहोचला. लिहिणारे, संपादन करणारे आणि आपल्या पद्धतीचा सिद्धांत मांडणारे लोक झुरिककडे होते, त्यामुळे इतिहासातही झुरिकचाच आवाज मोठा राहिला.

रूडर यांचा जन्म १९१४ चा, आणि तोही झुरिकचाच. १९२९ ते १९३३ या काळात त्यांनी जुळाऱ्याची, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कारागिराची, उमेदवारी केली. पुढे काही काळ ते पॅरिसला होते. चाळीसच्या दशकाच्या आरंभी त्यांनी झुरिकच्या शाळेत आल्फ्रेड विलिमान आणि वाल्टर केख यांच्या हाताखाली शिक्षण घेतले, आणि १९४२ मध्ये ते बासेलच्या आल्गेमाइने गेवर्बेशूल या शाळेत अक्षरमांडणी शिकवू लागले. ही शाळा निरनिराळ्या धंद्यांचे शिक्षण देणारी होती. स्वित्झर्लंडमधील उमेदवारीच्या पद्धतीत तरुण मुलगा आठवड्यातले बहुतेक दिवस प्रत्यक्ष कामाच्या जागी घालवतो आणि उरलेला वेळ शाळेत येतो. म्हणजे रूडर जे शिकवत ते काही दिवसांतच शहरातल्या कुठल्या तरी छापखान्यात, मालकाच्या आणि गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर तपासले जाई. विवाहपत्रिका, भेटकार्ड, दरपत्रक, पावतीपुस्तक, औषधाच्या वेष्टनासोबतचा कागद अशी सामान्य कामे ज्या हातांतून जात, त्या हातांना वळण लावण्याचे हे काम होते. या कामाला प्रसिद्धी नसते, पण कोणत्याही समाजात छापील मजकुराचा दर्जा शेवटी हेच काम ठरवते.

या शाळेला आधीचा एक वारसाही होता. ‘नवी टायपोग्राफी’ हा विचार १९२८ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारे यान चिखोल्ड १९३३ मध्ये जर्मनी सोडून बासेलला आले होते आणि याच शाळेत त्यांनी काही काळ शिकवले होते. दरम्यान चिखोल्ड यांचे मत बदलले. मध्यरेषेवर तोललेली पारंपरिक मांडणी आणि सेरिफयुक्त, म्हणजे टोकांना बारीक रेघा असलेली, अक्षरे पुस्तकासाठी अधिक योग्य आहेत असे ते म्हणू लागले, आणि आपल्याच तरुणपणीच्या आग्रहात हुकूमशाही वृत्तीचा अंश होता असेही त्यांनी लिहिले. १९४६ मध्ये ‘श्वाइझर ग्राफिशे मिटटाइलुंगेन’ या व्यावसायिक मासिकात माक्स बिल या स्विस कलावंत-रेखनकारांनी या माघारीवर कडक टीका केली आणि चिखोल्ड यांनी तितकेच सविस्तर प्रत्युत्तर दिले. स्विस मुद्रणविश्व त्या वादाने ढवळून निघाले.

रूडर यांचा कल असममित, म्हणजे मध्यरेषेवर न तोललेल्या, आधुनिक मांडणीकडे होता यात शंका नाही. परंतु त्या दोघांच्या वादात आणि रूडर यांच्या शिकवण्यात एक मूलभूत फरक मला दिसतो. बिल आणि चिखोल्ड युगधर्माबद्दल भांडत होते, म्हणजे यंत्रयुगाचे रूप कोणते, परंपरेचे स्थान काय, राजकारणाचा आणि रूपाचा संबंध किती, याबद्दल. रूडर यांनी प्रश्न कामाच्या टेबलावर आणला. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टायपोग्राफी’ या त्यांच्या ग्रंथाच्या आरंभीच ते बजावतात की लिखित माहिती पोहोचवणे हे अक्षरमांडणीचे एकच उघड कर्तव्य आहे, कोणत्याही सबबीने ती त्यातून सुटू शकत नाही, आणि जे वाचता येत नाही असे छापील काम निरर्थक ठरते. आधुनिक दिसण्याची हौस असलेल्या विद्यार्थ्याला ही भूमिका फार अडचणीत टाकते. प्रत्येक तिरकी ओळ, प्रत्येक विस्कटलेला शब्द आणि प्रत्येक अवाढव्य अक्षर यांना वाचकाच्या बाजूने उत्तर द्यावे लागते.

आता शिकवण्याच्या गाभ्याकडे येतो, आणि येथे थोडे रेंगाळतो. रूडर यांच्या विचारात सर्वांत महत्त्वाची जागा कोऱ्या भागाची आहे. पांढऱ्या जागेचे महत्त्व आजकाल प्रत्येक जण सांगतो, पण रूडर ते कुठून बोलत होते हे समजून घेतले पाहिजे. संगणकावर पांढरी जागा आपोआप मिळते, काहीच न ठेवले की ती तयार होते. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत तसे नसते. छापायचे सगळे खिळे फर्म्यात, म्हणजे एका चौकटीत, घट्ट आवळून बसवायचे असल्यामुळे जिथे काही छापायचे नाही तिथेही धातू भरावा लागतो. शब्दांमध्ये स्पेस आणि ओळीच्या शेवटी क्वाड नावाचे न छापणारे तुकडे, ओळींमध्ये लेडच्या, म्हणजे शिशाच्या, पट्ट्या, मोठ्या मोकळ्या भागात लाकडाचे किंवा धातूचे ठोकळे. जुळाऱ्याच्या हाताला पांढऱ्या जागेचे वजन कळते, तिचे माप पॉईंट या छपाईच्या एककात ठाऊक असते आणि ती आपण स्वतः एकेक तुकड्याने घडवली आहे हे तो कधी विसरू शकत नाही. रूडर स्वतः जुळारी होते, म्हणून पांढरे म्हणजे उरलेले असे त्यांना कधीच वाटले नसावे. अक्षराच्या पोटातली पांढरी जागा, दोन अक्षरांमधली, दोन शब्दांमधली, दोन ओळींमधली आणि मजकुराभोवतीच्या समासाची, अशा चढत्या क्रमाने ते विद्यार्थ्याला नेत आणि या सगळ्यांचे एकमेकांशी नाते कसे जुळते ते दाखवत. आपल्या ग्रंथात रूप आणि प्रतिरूप, म्हणजे काळा आकार आणि त्याची पांढरी जागा, यांचा विचार करताना त्यांनी लाओ त्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या वचनाचा आधार घेतला आहे : चाकाचे आरे जमतात खरे, पण चाक चालते ते मधल्या पोकळीमुळे. भांडे आणि घर यांचेही तसेच, वापर होतो तो रिकामेपणाचा.

दुसरी गोष्ट साधनांच्या मर्यादेची. त्यांच्या ग्रंथातली उदाहरणे एकामागून एक पाहत गेलो की लक्षात येते की अक्षरवळणे (फाँट) मोजकी आहेत, सजावट जवळजवळ नाही, रंग अनेकदा फक्त काळा आहे, आणि तरीही एकासारखे दुसरे पान नाही. याच थोड्या साधनांतून एका कामाची किती निरनिराळी उत्तरे निघू शकतात हे दाखवण्यासाठी त्यांनी ‘रूपभेद’ या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले. याचा शिक्षणातला अर्थ मोठा आहे. पहिले सुचलेले उत्तर धरून ठेवायची विद्यार्थ्याची प्रवृत्ती असते, आणि शिक्षकाने ‘हे चांगले नाही’ म्हटले तर तो दुखावतो. त्याच शब्दांच्या, त्याच अक्षराच्या, त्याच आकाराच्या पुष्कळ मांडण्या शेजारी शेजारी ठेवल्या की निवाडा शिक्षकाला करावाच लागत नाही, मुलाच्या डोळ्यालाच दोन मांडण्यांमधला फरक कळतो. मी माझ्या वर्गांत ही पद्धत वर्षानुवर्षे वापरत आलो आहे आणि तिच्याइतकी प्रामाणिक दुसरी पद्धत मला सापडलेली नाही.

तिसरी गोष्ट मजकुराच्या करड्या छटेची. काळ्या अक्षरांची ओळ दुरून पाहिली की ती करडी दिसते, आणि अक्षराची जाडी, आकार, शब्दांतील फट व ओळींमधले अंतर बदलले की ती छटा बदलते. रूडर यांनी या छटांचाही स्वतंत्र विचार केला. उजवी कड मोकळी सोडण्याचा त्यांचा आग्रह याच्याशीच जोडलेला आहे. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हणजे प्रत्येक ओळ भरण्यासाठी शब्दांमधल्या फटी कमीजास्त कराव्या लागतात, आणि जर्मनसारख्या लांबलचक सामासिक शब्दांच्या भाषेत अरुंद रकान्यात त्या फटी भोकांसारख्या दिसू लागतात. उजवी कड सोडली की सर्व फटी सारख्या राहतात आणि मजकुराची छटा एकसंध होते. स्वित्झर्लंडमध्ये एकच मजकूर जर्मन, फ्रेंच आणि पुष्कळदा इटालियनमध्येही छापावा लागतो, म्हणजे एकाच पानावर निरनिराळ्या लांबीचे शब्द आणि निरनिराळी ओळसंख्या यांना सारखाच न्याय द्यावा लागतो. स्विस मांडणीतली शिस्त ही त्या देशाच्या रोजच्या गरजेतून आलेली आहे, हे विसरून तिला केवळ सौंदर्यदृष्टी मानले की तिची नक्कल तेवढी हाती लागते.

रूडर यांचे लेखन कोठे छापून येत होते हेही माझ्या मुख्य मुद्द्याला बळ देते. ‘टिपोग्राफिशे मोनाट्सब्लेटर’ हे मासिक स्विस मुद्रणकामगारांच्या संघटनेचे होते आणि कामगारांचे व्यावसायिक शिक्षण हा त्याचा उद्देश होता. १९५२ मध्ये दोन जुनी मुद्रणविषयक मासिके त्यात विलीन झाली आणि रूडोल्फ होस्टेट्लर यांच्या संपादनाखाली ते आधुनिक अक्षरमांडणीचे प्रमुख व्यासपीठ बनले. रूडर यांनी १९५७ पासून त्यात ‘महत्त्वाचे’ अशा अर्थाच्या शीर्षकाची एक छोटी लेखमाला लिहिली. पृष्ठभाग, रेषा, शब्द आणि लय हे तिचे विषय. ज्या लेखनाला आज विद्यापीठांत मूलभूत मानले जाते ते एका कामगार संघटनेने आपल्या सभासदांसाठी छापले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रूपाचा विचार ही वरच्या थरातल्या थोड्या लोकांची मिरासदारी नाही, तो शिशाने काळे झालेल्या बोटांचाही हक्क आहे, असे मानणारी संघटना असल्याशिवाय आणि तसे मानणारा शिक्षक असल्याशिवाय हे घडले नसते.

युनिव्हर्स या अक्षरवळणाची गोष्ट येथेच येते. त्या अक्षरवळणाचे कर्ते आद्रियान फ्रुटिगर हेही मूळचे जुळारी. इंटरलाकनमध्ये उमेदवारी करून ते झुरिकच्या शाळेत केख आणि विलिमान यांच्याकडेच शिकले, म्हणजे रूडर आणि फ्रुटिगर यांची गुरुपरंपरा एकच. पॅरिसच्या डबर्नी ए पेन्यो या खिळे ओतणाऱ्या संस्थेसाठी त्यांनी केलेले युनिव्हर्स १९५७ मध्ये बाजारात आले. त्याचे वैशिष्ट्य असे की जाडपातळ, अरुंद, रुंद आणि तिरकी अशी २१ रूपे आरंभापासून एका योजनेत बसवलेली होती आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक दिले होते. पहिला अंक जाडी सांगतो, दुसरा रुंदी आणि तिरकेपणा. ५५ हे साधे रूप, ५६ त्याचे तिरके, ५७ अरुंद, ६५ जाड. छटा, विरोध आणि रूपभेद शिकवणाऱ्या शिक्षकाला याहून सोयीचे साधन कोणते मिळणार? एकच अक्षरवळण ठेवून एवढा विस्तृत पट्टा वापरता येऊ लागला. रूडर यांनी ते मनापासून स्वीकारले, १९६१ च्या आरंभी मासिकाचा अंक युनिव्हर्सला वाहिलेला निघाला, आणि त्या वर्षीची मुखपृष्ठेही रूडर यांनी त्याच अक्षरात केली.

त्याच १९५७ सालात बासेलच्या अगदी शेजारी, म्युनशेनस्टाइन येथील हास या खिळे ओतणाऱ्या कारखान्याने नॉये हास ग्रोटेस्क हे अक्षरवळण बाजारात आणले. आरेखन माक्स मीडिंगर यांचे आणि दिग्दर्शन एडुआर्ड होफमान यांचे. १९६० मध्ये त्याचे नाव हेल्व्हेटिका झाले आणि पुढे ते स्वित्झर्लंडचे प्रतीकच बनले. कारखाना दाराशी असूनही बासेलच्या वर्गाने पॅरिसहून आलेल्या अक्षराला पसंती दिली, यावरून रूडर यांच्या लेखी राष्ट्रीय शिक्क्यापेक्षा काम करण्याची सोय मोठी होती हे दिसते. स्विस शैली म्हणजे हेल्व्हेटिका हे समीकरण ज्यांनी पाठ केले आहे त्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा.

रूडर एकटे नव्हते. १९४७ पासून त्याच शाळेत आर्मिन होफमान शिकवत होते. होफमान शिळाछापाच्या परंपरेतून आलेले, त्यांचा हात चित्ररूपाकडे आणि काळ्यापांढऱ्याच्या विरोधाकडे वळलेला. १९५९ मधले त्यांचे ‘जिझेल’ या बॅलेचे पोस्टर अनेकांनी पाहिले असेल. बिंदू, रेषा आणि आकार यांपासून सुरुवात करून विद्यार्थ्याला पायरी पायरीने नेणारी त्यांची पद्धत १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आली. एकाने अक्षराची बाजू सांभाळली, दुसऱ्याने चित्राची, आणि दोघांचीही खात्री एकच की डोळा हा हाताच्या सरावातून घडतो. रूडर १९६५ मध्ये शाळेचे आणि तिला जोडलेल्या गेवर्बेम्युझेउम या संग्रहालयाचे संचालक झाले. परदेशांतून येणाऱ्या प्रगत विद्यार्थ्यांसाठीचा वर्ग १९६८ मध्ये सुरू झाला, आणि १९७० मध्ये रूडर यांचे निधन झाले, म्हणजे बासेलची जागतिक कीर्ती फुलत असताना ते तिथे नव्हते. त्यांचे नाव मागे पडण्याचे हेही एक कारण असावे. बासेलमधल्याच कार्ल गेर्स्टनर यांनी रूडर यांच्या वर्गातले धडे जाहिरात आणि नियमबद्ध रचनेच्या सिद्धांताकडे नेले. शहरातल्या गायगी या रसायन आणि औषधांच्या कंपनीचे छापील साहित्य त्या काळच्या उत्तम स्विस कामाचा नमुना मानले जाते. बासेलमध्ये शिकलेले रेखनकार आणि त्यांची आखणी नेमकी समजू शकणारे जुळारी एकाच शहरात होते, ही बाब मी त्यात निर्णायक समजतो. रेखनकाराने कितीही सूक्ष्म अंतरे आखली तरी छापखान्यातल्या माणसाला ती का आहेत हे उमगले नाही तर छापून आलेले पान वेगळेच असते.

रूडर यांच्यावर आक्षेप घेतले गेले आणि त्यातले काही रास्त आहेत. वोल्फगांग वाइनगार्ट १९६४ मध्ये जर्मनीहून बासेलला आले तेव्हा त्यांना हे शिक्षण जखडणारे वाटले. १९६८ मध्ये होफमान यांनी त्यांनाच प्रगत वर्गात शिकवायला बोलावले, आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी अक्षरांची ओढाताण, पायऱ्यापायऱ्यांचे मजकूरखंड आणि विस्फारलेल्या फटी यांतून स्विस शिस्तीला आव्हान दिले. मात्र वाइनगार्टही उमेदवारी केलेले जुळारी होते आणि त्यांचे सुरुवातीचे सगळे प्रयोग शिशाच्या खिळ्यांतूनच झाले. बंड करणाऱ्यालाही रूडर यांच्याच धातूची भाषा वापरावी लागली, आणि ज्या शाळेने ते बंड आपल्या वर्गात येऊ दिले तिची शिस्त आंधळी नव्हती असे मी म्हणेन. रूडर यांच्या ग्रंथातही उत्स्फूर्तता आणि योगायोग यांवर एक प्रकरण आहे, ते टीकाकार सहसा वाचत नाहीत.

माझा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. रूडर यांची उत्तम उदाहरणे पोस्टर, निमंत्रणपत्रिका, शीर्षकपृष्ठ आणि मुखपृष्ठ यांची आहेत, जिथे शब्द थोडे असतात आणि नजर एका दृष्टिक्षेपात सगळे पान घेते. तीनशे पानांची कादंबरी सलग वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्याला काय हवे याबद्दल त्यांच्यापेक्षा उत्तरकाळच्या चिखोल्ड यांच्याकडे अधिक मिळते; १९४७ ते १९४९ या काळात इंग्लंडच्या पेंग्विन प्रकाशनासाठी त्यांनी घालून दिलेले मांडणीचे नियम त्याची साक्ष देतात. पुस्तकांच्या मांडणीत पडू इच्छिणाऱ्याने दोघांनाही वाचावे आणि त्यांच्यात निवड करण्याची घाई करू नये.

आता देवनागरीकडे. बासेल आणि भारत यांचा संबंध खराखुरा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६५ मध्ये आर्मिन होफमान यांनी शिकवले. त्या संस्थेचे महेंद्र पटेल बासेलला जाऊन शिकले, पुढे फ्रुटिगर यांच्याबरोबर काम केले, आणि परतल्यावर अनेक वर्षे भारतीय लिप्यांची अक्षररचना शिकवत राहिले. स्वतः फ्रुटिगर यांनीही साठच्या दशकात त्या संस्थेसाठी देवनागरी अक्षरांवर काम केले होते. लॅटिनेतर लिपीत रूडर यांची शिकवण कशी उतरते याचे आणखी बोलके उदाहरण हेल्मुट श्मिड यांचे आहे. रूडर यांच्याकडे शिकलेला हा ऑस्ट्रियन जुळारी पुढे जपानमधल्या ओसाकात स्थायिक झाला आणि जपानी काताकाना लिपीसाठी त्याने स्वतंत्र अक्षरे घडवली. त्याने जपानीला लॅटिनसारखे दिसायला भाग पाडले नाही. त्या लिपीतल्या रिकाम्या जागा पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या.

आपणही तेच केले पाहिजे, आणि आपण सहसा उलटे करतो. स्विस शैलीच्या नावाखाली देवनागरी अक्षरांची जाडी एकसारखी करून टाकणे, आकार मोठा ठेवणे आणि डावीकडे चिकटवणे एवढेच घडते. रूडर यांच्या रीतीने पाहायचे तर आधी विचारावे की देवनागरीत पांढरे कुठे आहे. शिरोरेषेमुळे शब्द वरून बांधलेला असतो, त्यामुळे दोन शब्दांमधली फट ही त्या आडव्या काळ्या पट्टीतली तुटी म्हणून दिसते आणि लॅटिनपेक्षा कितीतरी ठळकपणे डोळ्यात भरते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, ‘विद्यार्थ्यांबरोबरच’ किंवा ‘महाराष्ट्रातल्यासारखे’ असे शब्द सहज तयार होतात. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हट्टापायी अशा शब्दांच्या आजूबाजूला केवढी भगदाडे पडतात ते कोणताही अंक उघडून पाहावे. उजवी कड मोकळी सोडण्याला जर्मनमध्ये जे कारण होते ते मराठीत अधिकच लागू पडते, तरी आपल्याकडे ती पद्धत अजून अपुरी किंवा निष्काळजी मानली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ओळींमधल्या अंतराचेही तसेच आहे. मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरे खाली उतरतात. लॅटिनसाठी ठरवलेले अंतर जसेच्या तसे ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. दोन शिरोरेषांमधला पांढरा पट्टा किती सलग राहतो याकडे पाहून अंतर ठरवावे, सॉफ्टवेअरने सुचवलेल्या आकड्याकडे पाहून नव्हे. जाड अक्षरांत ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट’, ‘ज्ञ’ यांच्या पोटातली जागा बुजते. शीर्षकासाठी अक्षर निवडताना मी नेहमी हीच अक्षरे आधी काढून बघतो, कारण ‘ग’ आणि ‘म’ कोणत्याही फाँटमध्ये साजरे दिसतात. एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर असेल तर पॉईंटचा आकडा सारखा ठेवण्याला काही अर्थ नसतो. दोन्ही खंडांची करडी छटा आणि दिसणारी उंची डोळ्याने जुळवावी लागते, आणि त्यासाठी बहुतेक वेळा दोन्हींचे आकार वेगळे ठेवावे लागतात.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर पाच मराठी शब्द घ्या, त्यांत एखादा लांब शब्द आणि एखादे अवघड जोडाक्षर असू द्या. एकच फाँट, एकच आकार आणि चौकोनी कागद ठरवून घ्या, रंग काळाच ठेवा, आणि फक्त जागा बदलून जमतील तितक्या मांडण्या करा. पडद्यावर त्यांचा निकाल लावू नका. प्रत्यक्ष आकारात छापून भिंतीवर शेजारी शेजारी लावा, दोन पावले मागे जा आणि ज्यात पांढऱ्या जागा उगाच राहिल्यासारख्या दिसतात ते कागद एकेक करून काढत जा. उरलेल्या दोनतीन कागदांवर मग जाडी बदलून पाहा, आणि ती बदलल्यावर शब्दांमधल्या व ओळींमधल्या फटी पुन्हा नव्याने ठरवा, कारण अक्षर जाड झाले की आधीची अंतरे लागू पडत नाहीत.